लाओ चूचे कान

मेइफेंगनं मनगट छोट्या उशीवर ठेवलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. वैद्य शू यांनी तीन बोटं नाडीवर टेकवली. ते तिच्या नवऱ्याचे, लाओ चूचे, बुद्धिबळातले जोडीदार. त्यामुळे तिची नाडी बघायचा आणि तिला चिडवायचा, दोन्ही हक्क त्यांच्याकडे होते.

"खोकला कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले. कोरडाच आहे. पुडी द्या आणि सोडा मला."

"जरा मोठ्यानं बोला, वहिनी."

"एवढाच आवाज निघतोय हल्ली."

वैद्यांनी बोटं उचलली नाहीत. "शरद हा फुफ्फुसांचा ऋतू. दुःखही तिथंच बिऱ्हाड करतं. लाओ चूला जाऊन पाच महिने झाले. रडलात?"

"वेळ कुठं होता? अंत्यविधीला चाळीस माणसं जेवायला होती."

वैद्य हसले. खडीसाखर घालून वाफवलेली नासपती, सकाळ-संध्याकाळ, असं त्यांनी कागदावर लिहिलं. मग म्हणाले, "आणि रोज थोडा वेळ ओरडायचं."

"कुणावर? घरात बहिरा माणूस होता म्हणून ओरडत होते. मीठ मागितलं तरी गल्लीभर कळायचं. आता काय भिंतीवर ओरडू?"

वैद्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

"वहिनी, चूला ऐकू येत होतं."

तिनं खिडकीकडचं तोंड वळवलं.

"तुमची लेक लग्न होऊन लांब गेली, तो शरद आठवतोय? असाच खोकला, अशीच मुकी बसून होतात. मी चूला सांगितलं, हिला पोटातून, मोठ्यानं बोलायला लाव. आठ दिवसांनी परत आला. म्हणाला, 'बायको माझं ऐकत नाही. मग मीच ऐकायचं सोडतो.'"

"बारा वर्षं बहिऱ्याचं सोंग?"

"खोकला गेला होता ना तुमचा? म्हणाला, औषध लागू पडलंय, कशाला बंद करू."

मेइफेंगनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिचे कान लाल झाले होते. "म्हणजे मी हळू पुटपुटायचे तेही? त्याच्या बहिणीबद्दलचं?"

"ते काही बोलला नाही मला."

ती बाहेर पडली. कालव्यावरचा दगडी पूल चढताना मध्यावर थांबली. बहिणीबद्दलचं जाऊ दे. दवाखान्यातली त्याची ती शेवटची दुपार. त्याला कुठं ऐकू येतंय, असं समजून ती त्याच्या उशाशी अगदी हळू काहीतरी बोलली होती. चव्वेचाळीस वर्षांत कधी बोलली नव्हती असं. प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणणारा तो माणूस त्या दुपारी एकदाही "काय?" म्हणाला नव्हता. डोळे मिटून नुसता पडून होता, आणि गालात हसत होता. तिला वाटलं होतं, स्वप्न पडलं असेल.

"लबाड," ती पुटपुटली. तिनं कठडा धरला, खोल श्वास घेतला. "लबाड माणसा! सगळं ऐकलंस!"

पुलाखालून तिकडच्या रीतीनं पायानं वल्हं मारत चाललेल्या नावाड्यानं वर पाहिलं.

"आजी, मला म्हणालात?"

"नाही रे बाबा," मेइफेंग डोळे पुसत, हसत ओरडली, "तू जा आपला!"

दोन्ही काठांवरच्या खिडक्या उघडल्या.