बॉनेटवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटारगाडी आहे. जन्म कारखान्यातला, पण माहेर विचाराल तर कात्रजचं. कोंडीराम आणि कौशल्याबाईंनी मला घरी आणलं, तेव्हा अख्खी आळी बघायला लोटली होती. कोंडीराम मला सारखे पुसत बसायचे. शेजारी विचारायचे, "गाडी चालवायला घेतलीय की पुसायला?"

कौशल्याबाईंची माया वेगळी. रविवारी खडकवासल्याला गेलो आणि सीटवर कणसाचा दाणा सांडला, की त्या नवऱ्यावर डाफरायच्या. दसऱ्याला मला झेंडूचा हार घालून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायच्या, दरवर्षी त्याच जागी, बोट चांगलं दाबून. ते माझ्या पांढऱ्या रंगात मुरलं. कोंडीराम घासायला लागले, तर त्या म्हणाल्या, "अहो, राहू द्या. गाडी सवाशीण दिसतेय."

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्या दसऱ्याला मला कुंकू लागलं नाही. कोंडीरामांची नजर अधू झाली, गाडी चालवणं सुटलं. तरी रोज सकाळी ते खाली येत आणि त्या खुणेवर तळहात ठेवून उभे राहत. मला तेवढं पुरायचं.

शेवटी मुलानं, दत्तप्रसादनं, मला विकायला काढलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं बॉनेटवर नख घासलं.

"गंज धरलाय. किंमत कमी करा."

"गंज न्हाय, कुंकू हाय ते," कोंडीराम म्हणाले. "दिसत नसंल तर माझा चष्मा देतो."

गिऱ्हाईक तोंड वाकडं करून गेलं. दत्तप्रसाद काही वाईट मुलगा नाही. आबांची गाडी भंगाराच्या भावात जाऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी आबांना न विचारताच तो मला पॉलिशवाल्याकडे घेऊन गेला. यंत्र गरगर फिरलं. मी लखलखले आणि कुंकू गेलं. जन्मभर मला चकाकायची हौस होती, पण त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

त्याच संध्याकाळी नम्रता नावाच्या एक बाई आल्या. त्यांनी मला बघितलं आणि घासाघीस न करता मागितली ती किंमत कबूल केली. दत्तप्रसाद खूश झाला. कोंडीराम निरोप द्यायला खाली आले. त्यांनी नेहमीच्या जागी हात ठेवला, वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"दत्ता, माझे डोळे पारच गेले बघ. तुझ्या आईचं कुंकू दिसंना."

दत्तप्रसादची मान खाली गेली. "आबा, डोळे ठीक आहेत तुमचे. मीच पॉलिश करून घेतलं."

कोंडीरामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "किंमत चांगली आली न्हवं? मग झालं."

आणि ती लखलखीत जागा ते सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

मित्रांनो, जुनी वस्तू विकताना ती जरूर घासा-पुसा, चांगली किंमतही घ्या. पण फडकं फिरवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा हाक मारा आणि विचारा, यातला कुठला डाग ठेवायचा आहे?