अंगणातलं झाकण

सकाळी संडास तुंबला आणि दुपारपासून सूनबाई माझ्याशी गोड बोलायला लागली. आता सांगा, संशय येणार नाही का?

"आई, तुम्ही दोन दिवस ताईंकडे जाऊन या ना," ती म्हणाली. ताई म्हणजे माझी मुलगी. "इथे खणाखणी होणार, घाण, वास. तुम्हाला उगाच त्रास."

एरवी मी मुलीकडे निघाले की हिला माझ्या गुडघ्यांची काळजी पडते. आज पिशवीसुद्धा भरून तयार! वर माझी चादर घडी घालून ठेवलेली. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं.

"मी कुठेही जात नाही," असं म्हणून मी माझ्या खोलीत जाऊन पलंगावर बसले.

घर बांधलं तेव्हाच ह्यांना मी ठणकावून सांगितलं होतं, मला गल्लीकडच्या खिडकीची खोली पाहिजे, आणि तिच्या खालून ड्रेनेजची लाइन गेलेली चालायची नाही. गटाराच्या डोक्यावर मी झोपणार नाही म्हणजे नाही. हे हसले होते. लाइन भिंतीबाहेर अंगणातून नेली म्हणाले, आणि तिथलं चेंबरचं लोखंडी झाकणही मला दाखवलं. त्या झाकणावर मी आजवर ना कुंडी ठेवू दिली, ना बादली. ह्यांचं शेवटचं आजारपण ह्याच खोलीत गेलं. आता हिच्यावर कुणाचा डोळा असेल, तर गाठ माझ्याशी आहे.

प्लंबर आला. त्याने एक लांब लवचीक सळई संडासातून आत सरकवली आणि हातातलं मशीन जमिनीलगत धरून फिरायला लागला. सळईचं टोक जिथे अडलं असेल, तिथे वर मशीन वाजतं म्हणे. अंगणात मशीन ढिम्म. मग तो घरात आला, हळूहळू पुढे सरकला, आणि माझ्या खोलीच्या दाराशी ते मेलं कोकलायलाच लागलं.

"बंद करा, बंद करा!" सूनबाईने झटकन त्याचा हात धरला. दोघं बाहेर जाऊन कुजबुजायला लागली. माझ्या कानांनी अजून राजीनामा दिलेला नाही. "पलंग हलवावा लागेल," तो म्हणाला. "त्या गेल्याशिवाय नको," ती म्हणाली.

राग तर आलाच, आणि खरं सांगते, भीतीही वाटली. एकदा पलंग बाहेर गेला की त्याच्यामागून म्हातारीही जाणार. फरशी फुटेल, मग रंग निघेल, मग नातवाच्या अभ्यासाला हीच खोली बरी, असं कुणीतरी हळूच म्हणेल. मी काय दुधखुळी आहे?

"ओ प्लंबर!" मी अंगणात जाऊन ओरडले. "लाइन इथून जाते. हे झाकण दिसत नाही? डोळे आहेत की बटणं?"

"आजी, मशीन तर..." त्याने सूनबाईकडे बघितलं.

"तिच्याकडे काय बघता? तिनेच पढवलंय ना तुम्हाला? उघडा ते झाकण!"

"आई, नको." सूनबाई आडवी आली. चेहरा पांढराफटक पडलेला. "तेवढं उघडू नका. माझं ऐका."

मग तर मी हट्टालाच पेटले. चोरी पकडली होती मी! "उघडा, नाहीतर मी उघडते."

त्याने पहार लावली. झाकण करकरत उचललं गेलं. मी वाकून बघितलं.

खाली माती होती. घट्ट, कोरडी माती. ना पाइप, ना खड्डा.

"हे काय?"

सूनबाई पायरीवर बसली. "बाबांनी नुसतंच बसवलेलं आहे ते. लाइनला उतार फक्त तुमच्या खोलीखालून मिळत होता, आणि तुम्हाला तर तीच खोली हवी होती. आजारपणात मला सांगितलं त्यांनी. म्हणाले, कधी तुंबलीच तर तिला आधी लेकीकडे पाठव, मगच फरशी काढ आणि होती तशी बसव. कळलं तर ती तिथे झोपायची नाही." तिने डोळे पुसले. "नेमकी जागा सापडली असती तर दोन-तीन फरश्यांतच काम झालं असतं. चादर म्हणूनच दिली बरोबर. दुसऱ्या चादरीवर तुम्हाला झोप येत नाही ना."

अस्सा राग आला ह्यांचा! जन्मभर मला गटारावर झोपवलं, आणि वर रोज सकाळी विचारायचे, "झोप लागली ना छान?" लागायचीच की! समोर असते तर असं भांडले असते! पण भांडायला आता माणूस नाही, आणि मला तिथेच रडू फुटलं. सूनबाई जवळ येऊन उभी राहिली.

"चल," शेवटी मी नाक पुसून म्हटलं. "पलंगाचं एक टोक मी धरते, दुसरं तू धर."

तीन फरश्या निघाल्या. लाइन मोकळी झाली, फरश्या परत बसल्या, पलंगही जागेवर गेला. जाताना प्लंबरने विचारलं, "आजी, हे झाकण भंगारात टाकू का?"

"खबरदार!" मी म्हटलं. "होतं तिथे नीट बसवा. आणि सूनबाई, त्याच्यावर कुंडी ठेवायची नाही हां."