साडेअकरा कोयते

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. फाइल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लाल फीत, धूळ आणि गोदरेजचं कपाट येत असेल. ती माझी चुलत भावंडं. मी कॉम्प्युटरमधली, एक्सेलची. माझं पूर्ण नाव 'एकत्र अहवाल अंतिम नवीन फायनल तीन'. हसू नका. सरकारी ऑफिसात जन्मलेल्या फाइलीचं बारसं असंच होतं.

माझा जन्म अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्यात, शिक्षण विभागाच्या ऑफिसात झाला. हा भाग कोरडा. दिवाळी झाली की इथली माणसं ऊसतोडीला निघतात, कुणी राहुरीकडे, कुणी पार कोल्हापूरकडे. आईबापांबरोबर पोरंही ट्रकमध्ये चढतात आणि शाळेतले बाक रिकामे होतात. पोरांनी गावातच राहावं, दोन वेळ पोटभर जेवावं आणि शिकावं, म्हणून काही गावांत हंगामी वसतिगृह उघडतात. ते कुठे उघडायचं, हे अहवालावरून ठरतं. आणि तो अहवाल, मोठेपणा म्हणून सांगत नाही, पण तो मी तयार करते.

मला घडवलं सुरेखाताईंनी. त्यांचं माहेर केडगावचं. लग्नाआधी त्या सुप्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होत्या. तिथे तिन्ही पाळ्यांचे रिपोर्ट एकत्र करता करता त्या कोड लिहायला शिकल्या. इकडे सासरी आल्या आणि ऑफिसात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागल्या. पहिल्याच वर्षी चौऱ्याहत्तर शाळांनी भरून पाठवलेले चौऱ्याहत्तर नमुने त्यांच्यापुढे येऊन पडले. एकेक उघडायचा, त्यातलं उचलायचं, दुसरीकडे चिकटवायचं. तीन दिवस मान मोडून काम केलं, तरी एक गाव दोनदा आलं आणि एक गाव गायब झालं. ताई म्हणाल्या, हे काय माणसाचं काम आहे? आणि त्यांनी मला लिहायला घेतलं.

मी कसं काम करते, ते सांगते. सगळे नमुने एका फोल्डरात टाकायचे आणि माझ्या पहिल्या पानावरचं हिरवं बटण दाबायचं. मग मी एकेका शाळेचा नमुना उघडते, त्याचं पान माझ्यात आणते, पानाला गावाचं नाव देते आणि बेरजा पहिल्या पानावर मांडते. तीन दिवसांचं काम चार मिनिटांत. चहा निवायच्या आत! आमच्या ऑफिसचे प्रमुख शिरसाट साहेब, त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी मला तीनदा चालवून बघितलं.

सुरुवातीला खोड्या कमी झाल्या नाहीत. एका गुरुजींनी नमुन्याच्या डोक्यावर सरस्वतीचा फोटो लावला, सगळ्या ओळी चार घरं खाली सरकल्या आणि मी 'मुख्याध्यापकाची सही' याची बेरीज करायला गेले. एकाच नावाची दोन गावं आली तेव्हा तर मी जागेवरच अडून बसले. शेवटी ताईंनी त्यांना खुर्द आणि बुद्रुक करून दिलं. असं दर दोन मिनिटांनी अडायला लागले, तेव्हा वैतागून त्यांनी माझ्या कोडमध्ये एक ओळ घातली. त्या ओळीचा अर्थ असा, की अडलं तर थांबू नको, शून्य धर आणि पुढे चल.

त्या ओळीचा मला फार अभिमान होता. कशानेच अडत नाही म्हणजे आपण किती हुशार, असं मला वाटायचं. मित्रांनो, गर्वाचं घर खाली म्हणतात, ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

त्या वर्षी दिवाळीनंतर मी नेहमीसारखी झपाट्याने चालले. ज्या गावातून कुणीच स्थलांतर करत नाही, ते गाव मी 'निरंक' यादीत टाकते. निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही. ताईंनी यादी मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर टाकली आणि हरकत असल्यास दुपारी चारपर्यंत कळवा, असं खाली लिहिलं. चारला अहवाल जिल्ह्याला जाणार होता.

अडीच वाजता बोरदऱ्याचे सहादेव गुरुजी मोटारसायकलवरून आले. मागे छबूबाई बसल्या होत्या. वसतिगृह झालं तर तिथे स्वयंपाक त्याच करणार होत्या. धुळीने दोघांचे चेहरे ओळखू येत नव्हते. छबूबाईंनी खुर्ची नाकारली आणि उभ्यानेच विचारलं, "बाई, आमचं गाव निरंक हाय व्हय? मंग परवा टरकात बसून कोन चाललंय?"

सुरेखाताईंनी मला उघडलं. बोरदऱ्याच्या ओळीत स्थलांतरित पालक शून्य. पालक शून्य म्हणून मी मुलांची संख्याही उचलली नव्हती. ताईंनी मग गुरुजींचा मूळ नमुना काढला. गुरुजी जुन्या वळणाचे. पालकांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, '११॥ कोयते'. शेजारच्या रकान्यात मुलं, एकवीस.

मला ते वाचता आलं नव्हतं. मराठी आकडा, त्यापुढे अर्ध्यासाठीच्या जुन्या पद्धतीच्या दोन दांड्या आणि वर कोयते! मी मनात म्हटलं असणार, हे काहीतरी भलतंच, धर शून्य आणि चल पुढे. एकवीस पोरं मी अशी एका क्षणात पुसून टाकली होती. मला लाज वाटली. आजही वाटते.

ताईंनाही ते उमगेना. त्या केडगावच्या, ऊसतोडीशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. त्यांनी गुरुजींना विचारलं, की माणसं विचारली होती, तुम्ही हत्यारं कशाला मोजलीत? गुरुजी म्हणाले, आमच्याकडे माणसं अशीच मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता.

एवढ्यात शिरसाट साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, की अर्धा माणूस कागदावर कसा दिसेल? बारा कोयते धरा, चोवीस माणसं लिहा आणि पाठवा.

ताईंचा हात कीबोर्डवर गेला. तेव्हा छबूबाई पुढे आल्या आणि त्यांनी टेबलाची कड धरली.

"साहेब, बारा नका करू. त्यो अर्धा कोयता म्हंजी माझा पोरगा, अजिनाथ. सून वारली, त्याला दोन वर्सं झाली. मुकादम म्हनतो, जोडी पुरी कर न्हाईतर येऊ नको. वसतिगृह झालं तर मुकादमाच्या हातापाया पडून त्यो एकला जाईल. न्हाई झालं तर माझी नात सृष्टी बापासंगं जाईल, मंग बारा व्हतील. सातवीत हाय ती."

गुरुजींनी मान खाली घातली. नमुना भरताना त्यांनी मुद्दाम साडेअकरा लिहिलं होतं, कारण सृष्टीला त्यांनी एकवीस मुलांमध्ये धरलं होतं. एकाच पोरीची जागा दोन रकान्यांत होती. इकडे धरली तर विळा-कोयता, तिकडे धरली तर पाटी-पुस्तक. आणि मी, चार मिनिटांत तालुका एकत्र करणारी, मी तिला दोन्हीकडून काढून टाकलं होतं.

सुरेखाताईंनी पदर खोचला. पहिल्यांदा त्यांनी माझी ती लाडकी ओळ खोडली. तिच्या जागी दुसरी लिहिली. अडलं तर थांब, ते घर लाल कर आणि विचार. मग बटण दाबलं. या वेळी मी सात ठिकाणी थांबले. बोरदऱ्याचे गुरुजी समोरच होते, बाकी सहा ठिकाणी ताईंनी त्या त्या शाळेत फोन लावला. दोन गावांत तर असेच कोयते निघाले, एकाने 'अंदाजे तीस' लिहिलेलं होतं, बाकीच्यांनी मराठी आकडे. साहेब पहिल्या फोनला कुरकुरले, तिसऱ्यापासून स्वतःच्या मोबाईलवरून लावायला लागले. चारला दहा कमी असताना मी पुरी झाले. बोरदरा, पालक तेवीस, मुलं एकवीस. निरंक यादीतून सातही गावं बाहेर पडली होती.

साहेबांनी अहवाल पाठवला आणि जिल्ह्याला फोन करून बोरदऱ्याचं आधी बघा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. त्याच्या पुढच्या सकाळी ट्रक निघाला. मी काही तिथे नव्हते, पण गुरुजींनी ताईंना फोन करून सांगितलं, की ट्रकमध्ये तेवीस माणसं चढली आणि शाळेत एकवीस पोरांची हजेरी झाली. ताईंनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि बोरदऱ्याच्या त्या घरावर एक टीप लिहिली. 'साडेअकरा म्हणजे साडेअकराच. बारा करू नये.'

त्यानंतर माझी कीर्ती वाढली. शेजारच्या तालुक्याने मला पेन ड्राइव्हवर मागून नेलं. नमुन्यातही बदल झाला, आता त्यात कोयते विचारतात आणि माणसं मी मोजते. अर्ध्याचा एक करायला मला छान जमतं.

आता काही दिवसांपूर्वी नवं पोर्टल आलं आहे. माहिती थेट वर जाते, म्हणतात. मला 'जुने' नावाच्या फोल्डरात टाकलंय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मी खचलेली नाही. पोर्टल अडलं की सुरेखाताई हळूच माझ्याकडे येतात, आणि ते अडतं, हे तुम्हाला सांगायला नको.

मित्रांनो, जुनी फाइल दिसली की लगेच पुसून टाकू नका. तिच्या एखाद्या घरावर कुणीतरी जीव लावून टीप लिहिलेली असते. आणि तुम्ही मोठे होऊन माझ्यासारख्या फाइली लिहाल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. जे वाचता येत नाही, त्याला शून्य म्हणू नका. थांबा, आणि ज्याने लिहिलं त्याला विचारा.

सृष्टी यंदा दहावीला आहे. त्या वर्षापासून मी चार वेळा बोरदऱ्याचं पान उघडलं. चारही वेळा तिथे साडेअकराच होते.