दाराआडचा फलक

मित्रांनो, तुमच्या पाठीवर कुणी गुपचूप चिठ्ठी चिकटवली आहे का कधी? सगळे वाचतात, फिदीफिदी हसतात आणि काय लिहिलंय ते फक्त तुम्हालाच कळत नाही. माझं अख्खं आयुष्य असंच गेलं. मी एका कचेरीचा जुना सूचनाफलक आहे. माझ्या अंगावर कागद लावतात, पण अक्षरं लोकांकडे आणि कोरी बाजू माझ्याकडे. त्यात माझा स्वभाव भारी चौकस. कल्पना करा माझी काय तगमग होत असेल!

एका सुताराने मला मऊ फळीतून घडवलं, चारी बाजूंनी चौकट ठोकली आणि वर हिरवं कापड ताणून बसवलं. मग एक टाचणी टोचून बघितली आणि खूश होऊन म्हणाला, "वा! लोण्यात जावी तशी गेली." त्याला वा म्हणायला काय जातं? मी मात्र मनातल्या मनात 'आई गं' म्हणालो. पुढे सवय झाली.

माझी पहिली जागा कचेरीच्या व्हरांड्यात होती. काय सांगू ते दिवस! येणारा-जाणारा माझ्यासमोर थांबायचा. कुणी नुसते ओठ हलवायचं, कुणी ओळीवरून बोट फिरवायचं, आणि एखादा भला माणूस खणखणीत आवाजात वाचायचा. तेवढ्यावर माझं भागायचं. नळाला पाणी कधी येणार, कुठला रस्ता खोदणार, सगळं मला ठाऊक असे.

त्यातही माझा लाडका कागद म्हणजे मसुदा. मसुदा म्हणजे अजून न झालेला नियम. 'आम्ही असा नियम करू म्हणतोय, तुमची काही हरकत किंवा सूचना असेल तर अमुक तारखेच्या आत कळवा,' असं त्यात असतं. तो लागला की माझ्यासमोर नुसती जुंपायची. एक म्हणायचा झकास आहे, दुसरा म्हणायचा डोकं फिरलंय यांचं. मग दोघेही आत जाऊन आपापलं म्हणणं लिहून द्यायचे. तेव्हाचे साहेब कौतुकाने म्हणायचे, "या फलकामुळे माझं निम्मं काम हलकं होतं." मी फुगून जायचो.

मग कचेरीला रंग द्यायचा ठरला आणि माझे ग्रह फिरले. मला खाली उतरवलं. रंग वाळल्यावर शिपाईदादांनी मला उचललं, इकडे तिकडे बघितलं आणि दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत एक आयता खिळा दिसला, त्यावर टांगून टाकलं. दादा मनाने वाईट नाहीत हो. खिळा ठोकायचा कंटाळा, एवढंच. पण त्या दाराची फळी आत उघडते आणि नेमकी माझ्या तोंडावर येऊन बसते. म्हणजे कचेरी उघडली की मी बंद आणि कचेरी बंद झाली की मी उघडा!

दादा सकाळी दार उघडून आत यायचे, फळी जरा पुढे ओढायचे, कागद लावायचे आणि फळी परत ढकलायचे. "लावला हो नियमाप्रमाणे!" असं आत ओरडून सांगायचे. मग दिवसभर अंधार. माझी एकमेव वाचक म्हणजे एक पाल, आणि ती मोठ्याने वाचत नसे.

एकदा एक कागद बरेच दिवस अंगावर राहिला. कसला असेल? विचार करून करून माझं डोकं शिणलं. एका सकाळी मॅडमचा आवाज ऐकू आला. या नव्या साहेब, सगळे त्यांना मॅडमच म्हणतात. "त्या मसुद्यावर काही हरकती आल्या का?"

"एकही नाही, मॅडम," दादा म्हणाले. "आज शेवटचा दिवस."

"म्हणजे लोकांना पटलाय. उद्या सही करून टाकते."

मी आतल्या आत ओरडत होतो, अहो, पण कुणी वाचलाय का तो? फलकाचा आवाज कोण ऐकतो!

नशीब बघा, त्याच सकाळी दार उघडलं खरं, पण किल्ली कुलपातच तुटली होती. दादांनी समोरच्या फुटपाथवरून किल्लीवाल्या मावशींना बोलावलं. मावशींचं लाकडी खोकं कचेरीच्या फाटकालगत असे आणि किल्ल्या घासायच्या त्यांच्या कानशीची खरखर मला रोज ऐकू यायची. मावशी आत आल्या, त्यांनी किल्लीचा तुकडा काढला आणि म्हणाल्या, "दार लोट बघू. कुलूप बसतंय का नाही ते कळायचं कसं?"

दार लोटलं आणि भर दिवसा माझ्यावर उजेड पडला! मावशींची नजर वर गेली. त्यांना मोठ्याने वाचायची सवय. "कचेरीसमोरच्या फुटपाथवरची सर्व दुकानं व टपऱ्या हटवण्याचा..." त्या थांबल्या. हातातली कानस खाली आली. "अगं बाई! हे तर माझंच की!"

"लावला होता की, मावशी. मी स्वतः लावला," दादा म्हणाले.

"कुठे?"

"हा काय, इथेच."

"आणि दार?"

दादांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. "अरेच्चा!"

"इतकी वर्षं दारात बसलेय रे तुमच्या. एक हाक मारायची होतीस." "गिऱ्हाईक मला जागेवर ओळखतं. किल्ली हरवलेला माणूस मला शोधत गावभर फिरणार आहे का? घर चालतं माझं यावर."

गलका ऐकून मॅडम बाहेर आल्या. मावशींनी विचारलं, "हा कागद बघितलाय का तुम्ही?"

"मीच लिहिलाय तो."

"लिहिला असेल. लावलेला बघितलाय का?"

मॅडमनी दार उघडलं. मी गायब. दार लावलं. मी हजर. त्यांनी पुन्हा एकदा तसंच केलं. "रोज याच दाराने येते मी," त्या हळूच म्हणाल्या. "हरकत आली नाही म्हणून वाटलं, सगळ्यांना मान्य आहे."

"मान्य व्हायला आधी माहीत तर व्हायला हवं ना, बाई."

मॅडमनी वाद घातला नाही. सही लांबली, तारीख वाढली आणि मी पुन्हा व्हरांड्यात आलो. काय गर्दी झाली म्हणून सांगू! पुढे तिथेच एक सभा झाली. टपरीवाले तावातावाने बोलले. मग चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थ पुढे आले. खुर्ची त्यांची मुलगी ढकलत होती.

"माझा टपऱ्यांवर राग नाही," ते म्हणाले. "पण फाटकाच्या उतारावर मावशींचं खोकं येतं. खुर्ची जात नाही. मग पोरगी मला रस्त्यावरून आणते आणि मागून गाड्या भोंगे वाजवतात."

मावशी उठून त्यांच्या खुर्चीजवळ आल्या. मग म्हणाल्या, "अहो, मला कधी बोलला का नाहीत?"

"इथे कधी कुणी विचारलंच नाही."

शेवटी नियम झाला तो वेगळाच. टपऱ्या राहणार, उतार मोकळा राहणार. म्हणजे हलायचं एकट्या मावशींनाच! ज्यांनी मला उजेडात आणलं, त्यांच्यावरच ही वेळ? पण मावशींनी पदर खोचला आणि खोकं ओढत ओढत थेट माझ्या खाली आणून ठेवलं. मॅडमनी ती जागा आधीच दाखवून ठेवली होती.

"शेवटी तुम्हालाच हलवलं की हो, मावशी!" दादा हळहळले.

"हलवलं," मावशी कानस उचलत म्हणाल्या, "पण विचारून हलवलं."

मित्रांनो, आता मी पुष्कळ जुना झालोय. कापड विटलंय, अंगाची टाचण्यांनी चाळण झालीये. तरी माझी एकच विनवणी आहे. माझा एखादा भाऊबंद दिसला तर तसेच पुढे जाऊ नका. दिसला नाही, तर जवळचं एखादं दार लोटून बघा. आणि कागद मसुद्याचा असेल तर तुम्हाला काय वाटतं ते नक्की कळवा, मग ते कुणाला आवडो न आवडो.

मावशी रोज चष्मा लावून आधी मला वाचतात आणि मगच दुकान मांडतात. आज मात्र त्या अजून आल्या नाहीत, आणि दादा सकाळीच एक नवा कोरा करकरीत कागद लावून गेलेत. तुम्ही समोर उभे आहातच, तर जरा मोठ्याने वाचता का? काय लिहिलंय हो?