फ्रिजच्या दारातलं औषध

रुश्दींचे कपडे गेले, बूट गेले, चाकांची खुर्ची भंगारवाल्याच्या हातगाडीवर उलटी पडून शुब्रा मोहल्ल्याच्या गल्लीतून निघून गेली. राहिली ती औषधं. मेलेल्या माणसाची औषधं घरातून घालवायची म्हणजे काय दिव्य असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक!

अवातिफनं सगळं नीट करायचं ठरवलं होतं. नवऱ्याच्या वापरलेल्या सुया तिनं पाण्याच्या जाड बाटलीत भरल्या, बूच घट्ट लावलं, गोळ्या वेगळ्या बांधल्या आणि पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. काउंटरमागच्या पोरानं पिशवीकडे असं पाहिलं की जणू तिनं मेलेलं मांजर आणलंय.

"आम्ही परत घेत नाही, मॅडम. कचऱ्यात टाका."

"कचऱ्यात? सुया?"

"मग घरात शोकेसमध्ये लावा."

जिभेला काही हाड! तिनं पिशवी उचलली आणि कचरा न्यायला येणाऱ्या बुशराला विचारलं. तो दारातूनच मागे सरला. "सुया असतील तर हात लावणार नाही, सित्त अवातिफ. आमच्या बायका बसून हातानं कचरा निवडतात. गेल्या साली माझ्या भावजयीच्या तळव्यात एक घुसली. कावीळ झाली ती अजून हटत नाही." त्याचं बोलणं अवातिफला पटलं. नणंद करीमान म्हणाली, संडासात ओत आणि पाणी सोड, संपलं. त्यावर मात्र अवातिफ भडकली. "म्हणजे नाईलमध्ये जाऊ दे आणि उद्या आपल्याच नळाला येऊ दे! फार शहाणी आहेस!"

सुयांची बाटली शेवटी पलंगाखाली गेली. ती अजून तिथंच आहे.

पण फ्रिजच्या दारात इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. सील न फोडलेल्या, तारीख पुढच्या वर्षाची. बाजारात इन्सुलिन मिळेनासं झालं होतं तेव्हा रुश्दींनी कुठकुठल्या ओळखी काढून, लोकांच्या विनवण्या करून त्या जमवल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात हृदय बंद पडून गेले. ही काय टाकायची वस्तू झाली?

"मशिदीत दे," करीमान म्हणाली. "तिथल्या औषधांच्या कपाटात. ज्याला टोचलं जाईल त्याचा दुवा माझ्या भावाला लागेल."

हे मात्र अवातिफला एकदम मानवलं. हज यात्रा करून आलेले हज्ज सुब्ही मशिदीच्या तळघरात ते कपाट सांभाळायचे. लोकांच्या घरातली उरलेली औषधं घ्यायची, तारखा बघायच्या आणि ज्याला परवडत नाही त्याला द्यायची. त्यांनी प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहिली.

"थंडीत होत्या ना सगळा वेळ?"

"फ्रिजच्या दारातून हललेल्या नाहीत, हज्ज. रुश्दींच्या कबरीची शपथ!"

हज्जनी मान हलवली आणि बाटल्या आत ठेवल्या. अवातिफ त्या दिवशी घरी आली, वांगी तळली, पाव गरम केला आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

मग एक दुपार अशी आली की वीज गेली. उन्हाळ्यात रोजच जायची. लिफ्ट बंद, आणि भाजीची पिशवी घेऊन सगळ्यात वरच्या मजल्यावर चढायचा धीर नव्हता, म्हणून अवातिफ खाली इमारतीच्या रखवालदाराच्या बाकावर टेकली. रखवालदार म्हणजे अम्म इद्रीस. असवानकडचा म्हातारा, सगळी इमारत त्याला काकाच मानायची. रुश्दींना पुरायला त्यांच्या गावी, मिन्याला नेलं आणि अवातिफ चाळिसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत तिथंच राहिली, तेव्हा घराची किल्ली त्याच्याकडेच होती.

"मेली ही वीज," अवातिफ म्हणाली. "फ्रिजमधलं सगळं नासायचं."

"काही नासत नाही हो! तुम्ही गावी होतात तेव्हा चाळीस दिवस बंदच होता की तुमचा फ्रिज. बिघडलं का काही?"

"काय म्हणालात, अम्म इद्रीस?"

"प्लग काढून ठेवला होता मी. रिकाम्या घरात वीज कशाला जाळायची? आमच्याकडे घर सोडलं की आधी तेच करतात. आणि ही वीज अशी जा-ये करते, मोटार जळाली असती तुमची." म्हातारा खुशीत आला होता. "आतली मुलुखियाची भाजी सडली होती, ती फेकली. फ्रिज घासून काढला आणि तुम्ही यायच्या आदल्या दिवशी लावला. पण साहेबांच्या औषधांना धक्का नाही लावला हं! होती तशी रांगेत लावून ठेवली."

आता तो शाबासकीची वाट बघत होता. वरचा मजला, वर तापलेली गच्ची, खिडक्या बंद, ऐन ऑगस्ट. त्या घरात चाळीस दिवस मेणबत्तीसुद्धा उभी राहिली नसती. तिनं भाजीची पिशवी तिथंच टाकली आणि मशिदीकडे निघाली.

हज्ज सुब्हींनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "तुम्ही शपथ घेतली होती, सित्त अवातिफ."

"मला माहीत नव्हतं हो!"

"सगळ्या एकाच घरी गेल्यात. उम्म हनादी म्हणून आहे, हनादीची आई, रोद अल-फरगला गच्चीवरच्या खोलीत राहते. एकुलती एक मुलगी आहे तिची." त्यांनी कपाट उघडून दाखवलं. खोकल्याची औषधं, डोळ्यांचे थेंब, अर्ध्या संपलेल्या मलमाच्या ट्यूब. "बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. तुम्हाला कुठं मिळालं तर बघा."

वाटेत दिसेल त्या दुकानात ती शिरली. नाही. नाही. पुढच्या महिन्यात विचारा. ओळखीचे सगळे नंबर फिरवून झाले, रुश्दींच्या जुन्या मित्रांपाशी रडून झालं. शेवटी रिकाम्या हातानंच ती गच्चीचा जिना चढली. निदान ते औषध तरी त्या पोरीच्या अंगातून थांबवायचं, एवढंच आता तिच्या हातात होतं.

दार उघडणारी बाई वाळकीशी, हाताला साबणाचा वास. अवातिफनं नाव सांगताच तिनं तिला मिठीच मारली. "तुम्ही रुश्दींच्या बायको? अहो, आत या! मी रोज नाव घेते त्यांचं. सुई भरली की आधी त्यांच्या आत्म्यासाठी फातिहा पढायची, मग टोचायचं. हनादीला पण आमीन म्हणायला लावते."

खोलीत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. चटईवर तेराचौदा वर्षांची मुलगी पडली होती. ओठ सुकलेले, उशाशी पाण्याचा तांब्या, दंडावर काळानिळा वळ.

"आणि हे बघा!" उम्म हनादीनं कोपऱ्यातलं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मातीचं मडकं पुढं ओढलं. आत, वाळूत रोवून, बाटल्या ठेवल्या होत्या. "आमच्याकडे फ्रिज नाही. पण रात्रीसुद्धा उठून फडकं भिजवते. हात लावून बघा, कशा गार आहेत! तुमची वस्तू मी वाया जाऊ दिली नाही."

अवातिफनं हात लावला. बाटल्या खरोखर गार होत्या.

"मुलगी कशी आहे?"

"लबाड आहे!" आईचा आवाज चढला. "चोरून गोड खाते. शाळेच्या वाटेवर मिठाईवाला आहे ना, तिथं कोणीतरी देत असणार. एवढं औषध टोचते तरी साखर उतरत नाही. काल मारलं मी तिला, चांगलं मारलं. कुराणावर हात ठेवून खोटं बोलते मेली, म्हणे मी खाल्लं नाही."

तेव्हा अवातिफनं सांगितलं. फ्रिज, प्लग, ऑगस्ट, शपथ. काही झाकलं नाही.

उम्म हनादी मडकं छातीशी धरून उभी राहिली. "परत न्यायला आलीस तू? दान देऊन परत मागतेस? कोणा भाच्या-पुतण्याला पाहिजे असणार!"

"नाही गं बाई! हे मेलंय, हे पाणी झालंय! बघ तरी." अवातिफनं एक बाटली ओढून खिडकीशी धरली. आत दुधाच्या नासक्या सायीसारखे कण तरंगत होते.

"ते हलवलं की जातं. मी हलवूनच घेते."

"यम्मा," चटईवरून पोरीचा आवाज आला. कोरडा, थकलेला. "मी सांगत होते ना. मी नव्हतं खाल्लं."

उम्म हनादी खाली बसली. मडकं मांडीवरच राहिलं. मग तिनं हात लांब करून पोरीच्या दंडावरच्या वळावर ठेवला आणि किती तरी वेळ तो तसाच ठेवला. अवातिफला वाटलं, हिनं आता मला शिव्या घालाव्यात, जिन्यावरून ढकलून द्यावं. पण तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"हॉस्पिटलात चल," अवातिफ म्हणाली. "आत्ता, टॅक्सी करते मी."

"कालच आणलंय तिथून. सलाईन लावलं, म्हणाले इन्सुलिन आमच्याकडे नाही, बाहेरून आणा. आणि पोरीला गोड देऊ नका. हे डॉक्टरच म्हणाले, म्हणून तर मी मारलं." तिनं डोळे पुसले. "तुमच्याकडे आहे दुसरं?"

"नाही."

"मिळेल?"

अवातिफनं नकारार्थी मान हलवली. खाली मशिदीत संध्याकाळची बांग झाली. ही सुईची वेळ. उम्म हनादी उठली, सुई घेतली, बाटली तळव्यांत फिरवली.

"अगं, काय करतेस? टाक ते!"

"टाकते. आणि टोचू काय?" तिनं विचारलं. त्यात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "सगळंच तर मेलं नसेल ना? थोडं तरी जिवंत असेल. मी दुप्पट घेते. दिसत नाहीये मला, जरा उजेड धरा."

बाटली हिसकावून घ्यायलाच तर आली होती अवातिफ. तिनं फोनचा दिवा लावला आणि सुईवर धरला. हनादीनं न सांगता पोटावरचा सदरा वर केला.

उम्म हनादीनं सवयीनं फातिहा म्हटली आणि दुवा मागताना रुश्दींच्या नावापाशी येऊन थांबली. तिला पुढचं म्हणवेना. सुई तशीच हवेत राहिली.

"आमीन," हनादी म्हणाली.