नऊ नंबरचं मोठं माणूस

सून भांडत नाही, ही मावशींची मोठी तक्रार होती. भांडणारी सून परवडली. चार शब्द ती बोलते, आठ आपण बोलतो, दोनचार भांडी आपटतात आणि रात्री सगळी एका पंगतीला जेवायला बसतात. पण ही बया! दर रविवारी सकाळी दहाला पोहण्याच्या तलावावर हजर. सहा वर्षांच्या पोरीला पोहण्याचा पोशाख घालणार, टोपी चढवणार आणि मग पोरीला घेऊन कडेच्या बाकावर बसून राहणार. स्वतः पायाचा अंगठासुद्धा पाण्यात बुडवायची नाही. बरं, बसणार तीही पाण्याकडे पाठ करून. आणि तोंड कुठे? सरळ मावशींच्या खिडकीकडे.

"मी काय सिनेमाचा पडदा आहे का रे?" मावशी लाइफगार्डला विचारायच्या.

"तुम्ही फुकट दिसता ना मावशी, म्हणून बघतात," असं म्हणून तो शिट्टी गळ्यात अडकवत निघून जायचा.

तलावाच्या दारातली ती खिडकी म्हणजे मावशींचं राज्य. दुसरीच्या पुढे त्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण आकडे त्यांना माणसांसारखे ओळखीचे होते. पाठीमागे लाकडी फळा, फळ्यावर चाळीस खिळे. प्रत्येक खिळ्यावर एकाच नंबरचे तीन रबरी पट्टे: एक मोठा लाल, दोन लहान पिवळे. लाल मोठ्या माणसाच्या मनगटावर, पिवळे पोरांच्या. एका मोठ्यामागे दोन लहान, तिसरं नाही. पोर आठ वर्षांखालचं असेल तर मोठ्यानं त्याच्यासोबत पाण्यात उतरायचं आणि हाताच्या अंतरावर राहायचं.

एकदा एक साहेब तीन पोरं घेऊन आले. म्हणाले, "यातली दोन जुळी आहेत हो, दोघांचा मिळून एक पट्टा द्या."

"देते की," मावशी म्हणाल्या. "मग तुम्हीपण अर्धेच आत जा."

असा खाक्या. त्यामुळे आई पाण्यात उतरत नाही तर नातही कोरडीच. सख्खी नात असली म्हणून काय झालं? पोर बाकावर पाय हलवत बसायची, दुसऱ्यांच्या उड्या मोजायची आणि कोरडी टोपी डोक्यावर तशीच ठेवून घरी जायची.

नऊ नंबरच्या खिळ्यावर मात्र एक लाल आणि एकच पिवळा पट्टा होता. तो नंबर मावशी कुणाला देत नसत. दुसरा पिवळा सात वर्षांपूर्वी एका मनगटावर आत गेला तो परत आला नाही.

ते मनगट मावशींच्या लेकीच्या मुलाचं. पाच वर्षांचा पोरगा, पुढचे दोन दात पडलेले, मामीच्या मागे लागून आलेला. मामी म्हणजे हीच सून. तिच्याबरोबर तिची स्वतःची दोन होती, मोठी दोघं. हा तिसरा. त्या दिवशी रांग पार फाटकापर्यंत गेलेली. सून म्हणाली, "आई, याला तुमच्यापाशी बसवते, या दोघांचं झालं की नेते." पण पोरगा रडायला लागला. रांगेतून कुणीतरी टोमणा मारला, "आता बघू, घरच्यांना काय नियम लावतात ते." झालं, मावशींच्या नाकाला मिरची झोंबली. खिळ्यावरून त्यांनी नऊ नंबर काढला, पिवळा नातवाच्या हातात घातला, लाल स्वतःच्या मनगटावर चढवला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "याचं मोठं माणूस मी. कुणाला काही म्हणायचंय?"

रांग हसली. नातू डोळे पुसत आत पळाला.

खिडकीतून उथळ पाण्याचा अर्धाच भाग दिसतो. उरलेला खांबाआड जातो. मावशी मान वाकडी करून बघत होत्या. मग एका बाईचा पट्टा हरवल्याचा वाद निघाला आणि त्या फळ्याकडे वळल्या. तीन पट्टे खिळ्यावर अडकवायला लागतो, तेवढाच वेळ.

चौकशीला कार्यालयातले लोक आले, तोवर रांगेतली माणसं पांगली होती आणि लाल नऊ पुन्हा खिळ्यावर लटकत होता. बुडालेल्या पोराच्या मनगटावर पट्टा नव्हताच, पाण्यात कुठे निसटला कुणास ठाऊक. मावशी म्हणाल्या, "माझी नजर चुकवून हिनं तिसरं आत घुसवलं." सून समोर ओलीचिंब उभी होती, दोन्ही हातांनी दोन्ही पोरांना घट्ट धरून. तिनं मावशींच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. तोंडातून एक शब्द काढला नाही. मावशींची लेक तेव्हापासून भावाच्या घराची पायरी चढली नाही. भावजयीचं नाव घेतलं तरी ती ताटावरून उठते.

आणि सून अजून गप्पच.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र तलावात काहीतरी बिघडलं. दर अर्ध्या तासाला लाइफगार्ड मोठी शिट्टी मारतो. मग सगळ्या पोरांनी कडेला यायचं आणि आपापल्या नंबरच्या मोठ्याचा हात धरायचा. तो डोकी मोजतो, मावशी किती पिवळे पट्टे दिले ते बोटांनी दाखवतात. आता पहिल्यांदा मोजलं की एक डोकं जास्त भरायचं. परत मोजलं की बरोबर.

"मावशी, परत एक जास्त," तो खिडकीशी येऊन हसत सांगायचा. पण हल्ली हसताना तो पाण्याकडे बघायचा नाही.

आणि खिडकीखालची फरशी. मावशी ती दिवसातून दहादा पुसायच्या. तरी तिच्यावर ओली पावलं उमटायची. एवढीएवढीशी, बोटं नीट दिसणारी. तलावाकडून खिडकीपर्यंत यायची. परत जाताना एकही नसायचं.

या रविवारी साडेदहाची शिट्टी झाली. मावशींनी बोटं दाखवली: बावीस. लाइफगार्डनं मोजलं, थांबला, परत मोजलं, परत थांबला. तिसऱ्यांदाही तेवीसच भरले. तो खोल पाण्याच्या टोकाकडे एकेक चेहरा तपासत गेला.

तेवढ्यात खिडकीच्या कट्ट्यावर दोन हात आले. वर टोपीचं टोक.

"आजी, मला एक पिवळा पट्टा दे."

"तुझं मोठं माणूस कुठंय?" मावशींच्या तोंडून सवयीनं निघालं.

"आई येतच नाही. पण तो म्हणाला, त्याच्या मोठ्या माणसामागे अजून एक जागा आहे. एका मोठ्यामागे दोन चालतात ना गं? एक तो आणि एक मी."

"कोण तो?"

"तो ओला मुलगा. दात नाहीत त्याला. त्याच्या हातात नऊ नंबर आहे."

मावशींच्या हातातलं फडकं खाली पडलं. "आणि... त्याचं मोठं माणूस कोण?"

"तो म्हणतो, खिडकीत बसतं. सारखी हाक मारतो, पण येतच नाही." पोरीनं बाजूला पाहिलं, मान हलवली. "बरं, चल." आणि एक हात जरासा खाली धरून, जसं आपल्याहून लहान पोराला धरावं तसं, ती तलावाकडे चालू लागली. तिच्या पायांची खूण फरशीवर उमटत नव्हती. शेजारच्या पायांची उमटत होती.

मावशी ताडकन उठल्या. खिडकीच्या खोलीचं दार मागे. तिथून कपडे बदलायच्या खोल्यांना वळसा घालून तलावावर जावं लागतं. सात वर्षांत त्या वाटेनं मावशी एकदाही गेल्या नव्हत्या. आता धावल्या. गुडघे कुरकुरले, चप्पल निसटली, ती तशीच टाकली. खांब ओलांडला.

पोर उथळ पाण्याच्या तिसऱ्या पायरीवर होती. पाणी तिच्या छातीला लागलं होतं आणि तो एक हात पाण्याखाली होता, कुणीतरी ओढत असल्यासारखा ताठ.

मावशी कपड्यांसकट पाण्यात शिरल्या. उजव्या हातानं त्यांनी नातीचा दंड पकडला, अंगाशी ओढली. "आजी, माझा हात सुटला ना!" पोर कुरकुरली. मावशींनी डावा हात पाण्यात घातला. आंधळ्यानं चाचपावं तसा फिरवला. आणि त्या हातात एक हात आला. गारेगार, लहानसा, सुरकुतलेल्या बोटांचा. आला आणि तिथेच राहिला.

कडेला सून उभी होती. खिडकी रिकामी झालेली पाहून ती सात वर्षांत पहिल्यांदा पाण्याकडे वळली होती. ती आधी पोरीकडे बघत होती, मग मावशींच्या डाव्या मनगटाकडे. तिथे लाल पट्टा होता. निघताना खिळ्यावरून कधी काढला, कधी चढवला, मावशींना आठवत नव्हतं.

"असाच होता," सून हळूच म्हणाली. "त्या दिवशीही याच हातात होता."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मी सांगितलं असतं तर आपल्या घरात कुणी ऐकलं असतं, आई? मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून येऊन बसत होते."

लोक कडेला सरकले. लाइफगार्ड शिट्टी ओठांत धरून उभा राहिला. मावशींनी मान वर केली. पाणी कमरेपर्यंत, केस सुटलेले, पण आवाज तोच, शेवटच्या माणसापर्यंत रांगेला ऐकू जाणारा.

"तर ऐक, आणि सगळ्यांनी ऐका. तुझं चुकलंच. सात वर्षं तोंड शिवून बसलीस, ते चुकलं. माझ्या तोंडावर फेकायचं होतंस. पण पोराचं म्हणशील तर तुझं काही चुकलं नाही. तुझ्यामागे दोन होती, दोन्ही तू घरी आणलीस. तिसरं माझ्या नंबरावर होतं. मी नाही आणलं, आणि वर तुझ्यावर ढकललं. आज इथून निघाले की आधी लेकीकडे जाणार आणि हे मीच सांगणार. तू मध्ये एक शब्द बोललीस तर याद राख. आता बघत काय उभी राहिलीस? पाण्यात ये, तुझं पोर तुझ्या हातात घे. हा हात मला आता सोडता येत नाही."