धुतलेल्या पोर्चमधले पिवळे ठिपके

घराला पोर्च नसावा, मंडळी! आत तुम्ही काय काय दडवून ठेवलंय ते कोणाला दिसत नाही, पण पोर्च सगळ्या कॉलनीला दिसतो.

वर्ध्यात, नालवाडीच्या पुढच्या नव्या कॉलनीत कृष्णकांत साहेबांचं घर. घराचं नाव 'समता', काळ्या दगडावर सोनेरी अक्षरांत. साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. खुर्ची सुटली, पण तोंडातलं 'सदर' आणि 'उपरोक्त' काही सुटलं नाही. जयंती असो की पुण्यतिथी, कुठं माइक दिसला की साहेब माणुसकीवर बोलणार म्हणजे बोलणारच! तर अशा या साहेबांच्या पोर्चमधली पांढरी फरशी शेवाळानं आणि गाडीच्या टायरांनी काळीकुट्ट पडली होती. वरून उन्हासाठी हिरवी जाळी बांधलेली, त्यामुळं ओल कधी सुकतच नव्हती. शेजारच्या माणिक गुरुजींनी घराला नवा रंग दिला आणि तेव्हापासून साहेबांना आपलाच पोर्च डोळ्यात खुपायला लागला.

तेवढ्यात कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली, 'चकाचक! घर, अंगण, गच्ची प्रेशर मशीननं धुऊन मिळेल.'

हा चकाचकवाला म्हणजे नागसेन थूल. मूळचा समुद्रपूरचा. कारखान्यातलं कंत्राट संपलं तसा परत आला, नालवाडीत तानाबाई आत्याकडे राहायला लागला आणि साठवलेल्या पैशातून मशीन घेऊन बसला. मशीन म्हणजे चाकं लावलेला एक पिवळा डबा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला पिस्तूल. घोडा दाबला की पाण्याची अशी सणसणीत धार सुटते की दगडावरचा मळ उपटून निघतो. सरावासाठी नागसेननं पहिली धार आत्याच्या दारावर मारली. मळ निघाला. रंगही निघाला. दोरीवरचं लुगडं उडून शेजारच्या टिनावर जाऊन बसलं आणि आत्याचा कोंबडा असा पळाला, की पुढं कितीतरी दिवस मशीन बाहेर काढलं की तो आधीच घर सोडायचा.

"अबे, धुतो का लढाई करतो?" आत्या ओरडली.

"शिकून राह्यलो ना आत्या!"

"मंग आधी शीक, आन् मंग लोकाच्या घरी जाजो."

पण गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर कोण थांबतो? नागसेन मशीन घेऊन 'समता'च्या फाटकाशी हजर झाला.

"नाव काय म्हणालास?" साहेबांनी विचारलं.

"नागसेन."

"अस्सं." त्या 'अस्सं'वर साहेबांनी गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला. "आणि आडनाव?"

"थूल."

"अस्सं, अस्सं! छान. तुम्ही लोक आता पुढं येऊन राह्यले, मला तर आनंदच आहे. आपण तसलं काही मानत नाही बरं. आमच्या घराचं नावच वाच ना!"

नागसेननं मान वर करून वाचलं. अक्षरांवर बोटभर धूळ होती.

"हेही धुऊन देऊ का जी?"

साहेबांच्या बायकोला, कमलाबाईंना, दारातच हसू फुटलं. साहेबांना फुटलं नाही.

पहिल्या धारेला 'सुस्वागतम' लिहिलेलं पायपुसणं कुंपणावरून उडालं आणि थेट माणिक गुरुजींच्या तुळशीवर पडलं. पण मग हात बसला. शेवाळ गेलं, टायरांचे वळ गेले, खालची पांढरी फरशी अशी उजळली की साहेब स्वतःचं तोंड तिच्यात पाहायला वाकले. पोर्च झाला, बाहेरचं उघडं अंगण झालं. घरातल्यांना चहा कपबशीत आला. नागसेनला कागदी कपात आला. त्यानं पाहिलं, प्याला, कप चुरगळून खिशात टाकला. पहिलंच काम, कशाला वाद!

साहेबांनी फोटो ग्रुपवर टाकले. अंगठे आले, टाळ्या आल्या, चार घरांनी नागसेनला काम सांगितलं. पोरगा हवेत!

आणि दोन दिवसांनी ग्रुपवर हा मजकूर उतरला, 'सदर इसमाने केलेल्या कामानंतर उपरोक्त पोर्चमध्ये पिवळे डाग उद्भवले आहेत. तरी सर्व रहिवाशांनी बोध घ्यावा.'

रहिवाशांनी लगेच बोध घेतला. चारही घरांनी काम रद्द केलं. वर्धा काही एवढं मोठं शहर नाही, की एका कॉलनीत नाव गेलं तर दुसरीकडे नवीन मिळेल. पानठेल्यावर नागसेनला पाहून एकानं हाक मारली, "का बे डागवाले!" तो पान न घेताच परत फिरला. असंच चाललं तर मशीन विकून परत कोणाच्या तरी कंत्राटावर जाणं आलं.

तो धावत साहेबांकडे गेला आणि पोर्च फुकट धुऊन दिला. ठिपके जरा फिकट झाले. दोन दिवसांनी पुन्हा ताजे! त्यानं साबण बदलला, पुन्हा धुतलं. पुन्हा ठिपके! पाणी खराब म्हणावं तर बाहेरच्या अंगणातही पाणी तेच, साबण तोच, फरशीही तीच, पण तिथं एक ठिपका नाही. बिचाऱ्यानं स्वतःलाच दोष दिला. नवीन माणूस ना! नवीन माणसाला आधी आपलंच चुकलं असं वाटतं.

शेवटी एका संध्याकाळी त्यानं मोबाइलवरचा डागांचा फोटो तानाबाईसमोर धरला. तानाबाई जन्मभर रोहण्याकडच्या खेड्यात अंगणवाडी सेविका होती. तिनं चष्मा लावला, फोटो पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"हे डाग तुया साबणाचे नाई."

"मंग कायचे?"

"साबणाचा डाग वघळते, पसरते. हे पाह्य, ठिपके. कोणं तरी शिंपडले. अन् पोर्चच्या कडेपासून दारापर्यंत पाह्य, जिथं जिथं तू उभा राह्यला, तिथंच." तिनं बोटानं फोटो मोठा केला. "गोमूत्र आन् हळद. मी लेकरायले लस द्याले बोलवाले जाओ ना, तर मी त्यायच्या दारच्या वट्ट्यावरून उतरली का मांगून असेच ठिपके पडत. त्यायच्या लेकराच्या अंगावरून मी हात फिरवू, थे चाले. वट्टा मात्र बाटे!"

नागसेनला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा तो ताडकन उठला.

"म्हणजे त्यानं धुवाले मले बोलावलं, आन् माह्या मांगून घर धुतलं? आन् वरून त्याच्याच ठिपक्यायची बदनामी माह्या डोक्यावर? आत्ता जातो! मशीन थेट त्याच्या बैठकीत सोडतो!"

"बस खाली!" आत्यानं दरडावलं. "तू त्याची बैठक भिजोशीन, उद्या थो म्हणन, पाहा, हे लोक असेच. झालं! त्याले पाहिजे थेच भेटलं त्याले."

"मंग काय, तुयासारखा गुपचूप राहू?"

हे आत्याला लागलं.

"मी गुपचूप राह्यली, म्हणून तर तुयापर्यंत आलं नं हे," ती म्हणाली. "ऐक. शिंपडणाऱ्याले एकांत लागते. आपण गेलो का मंग त्याची हिंमत होते. तर तू जाऊच नको! सगळ्याईले बोलाव, सगळ्याईसमोर धू, आन् तिथंच बस."

रविवारी सकाळी नागसेननं ग्रुपवर टाकलं, 'पोर्च शेवटचा धुऊन देतो. सर्वांनी पाहाले यावे.' फुकटचा तमाशा म्हटल्यावर कॉलनी काय मागं राहते? खुर्च्या आल्या, लेकरं आली, माणिक गुरुजी पेपर घेऊन आले. तानाबाई पांढरं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीत बसली. नागसेननं फरशी अशी धुतली की जुने ठिपकेही जेमतेम दिसावेत.

"ठीक," साहेब म्हणाले. "झालं समाधान. आता या तुम्ही."

"नाई जी, बसतो. डाग उठते कसा, थे सगळे मिळून पाहू."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला! ते आत गेले, बाहेर आले. घड्याळ पाहिलं. "ऊन वाढून राह्यलं, लोकांना कामं असतील," म्हणाले. कोणी हललं नाही. "पाऊस येईल बहुतेक," म्हणाले. मे महिन्यात, वर्ध्यात! लेकरं खो खो हसली. पण वर्षानुवर्षांची सवय हो, हात शिवशिवायला लागले. आत जाऊन ते पितळेचा तांब्या आणि आंब्याची डहाळी घेऊन आले.

"जरा झाडांना पाणी घालतो," ते कोणीही न विचारता म्हणाले.

पोर्चमध्ये झाड एकच होतं. प्लास्टिकचं.

साहेबांनी त्याच्या आडून डहाळी बुडवली आणि पहिला शिंतोडा मारला. नेमक्या त्याच वेळी माणिक गुरुजी नागसेनचं पिस्तूल हातात घेऊन "हे दाबायचं कुठं रे?" असं विचारत होते. शिंतोडा दिसला, गुरुजी दचकले, घोडा दाबला गेला. धार सुटली ती थेट तांब्यावर! तांब्या उडाला, वरच्या जाळीला लागला, उलटा झाला, आणि आतलं सगळं पिवळंजर्द पाणी साहेबांच्या डोक्यावरून पांढऱ्या सदऱ्यावर, सदऱ्यावरून धोतरावर! वास सुटला तेव्हा कोणाला विचारायची गरजच उरली नाही.

आता इथं सगळे पोट धरून हसले असतील, असं तुम्हाला वाटेल. लेकरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत! कोणी चपलेकडे पाहत होतं, कोणी मोबाइलकडे. काय सांगू मंडळी, तसली गोमूत्राची बाटली त्यातल्या किती घरांत होती ते ज्याचं त्याला माहीत होतं. काम रद्द करणाऱ्या चारही घरांना ते पिवळे ठिपके ओळखू आले नव्हते, असं का तुम्हाला वाटतं?

"हे जातपात नाही हं," साहेब डोळे पुसत म्हणाले. "आईच्या वेळेपासूनची रीत आहे नुसती. गैरसमज नको."

"साहेब," नागसेन उठून त्यांच्यासमोर उभा राहिला. "तुमी मले बोलावलं घाण काढाले. मी काढली. माह्या मांगून तुमी काय काढून राह्यले होते? सांगा ना! सगळ्याईसमोर सांगा, माह्या अंगाची कोणती घाण होती थे!"

साहेबांनी तोंड उघडलं. किती भाषणं त्या तोंडातून गेली होती! पण आज 'सदर'च्या पुढं गाडी जाईना.

बोलल्या त्या कमलाबाई. "त्यांना नाही सांगता येणार. मी सांगते. हा पोरगा फाटकाबाहेर गेला की हे तांब्या घेऊन निघायचे. मागं मोरी तुंबली, तेव्हा दोन हात जोडून माणूस बोलावून आणला, आणि तो गेल्यावर तेच! मी म्हटलं, अहो, डाग पडून राह्यले. तर म्हणे, त्याच्या साबणाचे म्हणून टाकतो ग्रुपवर. पोराच्या पोटावर पाय देताना लाज नाही वाटली, मला मात्र वाटली. आणि मी तरीही गप्प राह्यले, हे माझंही चुकलंच!" त्या तानाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, चहा घेता ना? माझ्याबरोबर, आमच्याच कपात?"

"घेऊ ना," तानाबाई म्हणाली. "पण आधी पोराचं नाव धुऊन द्या. मंग चहा."

सगळ्यांच्या नजरा साहेबांकडे वळल्या. त्यांच्या हनुवटीवरून पिवळे थेंब गळत होते. त्यांनी गालाला लागलेली हळद बोटानं पुसून पाहिली. स्वतःच्या अंगावर पडल्यावर कळलं बहुतेक, की शिंतोडा नेमका लागतो कुठं. ओल्या हातानंच त्यांनी मोबाइल काढला. सगळ्यांच्या खिशात एकदम टिंग टिंग वाजलं. त्या मजकुरात 'सदर' नव्हतं, 'उपरोक्त' नव्हतं. फक्त एवढंच होतं, 'डाग माझे होते.'

"नागसेनजी," साहेब म्हणाले. हा 'जी' पहिल्यांदाच आला. "मी चुकलो. आता हे ठिपके कसे जातील?"

"मी तीनदा धुतले. मले नाई माहीत."

"हळदीचा डाग पाण्यानं नाही जात," कमलाबाई आतून कपबश्या आणता आणता म्हणाल्या. "लुगड्यावर पडला की आपण काय करतो? उन्हात टाकतो. अंगणातही यांनी शिंपडलंच होतं, तिथले ठिपके काऊन नाही राह्यले? तिथं ऊन पडते म्हणून. या जाळीखाली ऊन येतेच कुठं!"

साहेबांनी वर पाहिलं. मग स्वतः स्टूल आणलं, त्यावर चढले आणि हिरव्या जाळीची एकेक गाठ सोडायला लागले. गाठी जुन्या होत्या, घट्ट बसल्या होत्या. नागसेननं स्टूल धरलं. शेवटची गाठ सुटली आणि वर्ध्याचं ते कडक ऊन भस्सकन पोर्चमध्ये उतरलं.

माणिक गुरुजींनी हळूच पिस्तूल खाली ठेवलं. "नागसेन, उद्या आमच्याकडे येजो," ते म्हणाले, आणि कान लाल होऊन पुढं म्हणाले, "तू यायच्या आधी मी घरातली एक बाटली मोरीत ओतून टाकतो."

मंडळी, आपण फरशा धुतो, गाड्या धुतो, गच्च्या धुतो. पण पिढ्यान्‌पिढ्या जो डाग आपण माणसाच्या पाठीमागून शिंपडत आलो, तो कोणत्याच मशीननं निघत नाही. तो रीत म्हणून, परंपरा म्हणून जाळीखाली जपलेला आहे, म्हणून टिकलाय! काढा ती जाळी. लाज वाटेल, वाटू द्या. चारचौघांत, भर उन्हात, 'डाग माझे होते' एवढं म्हणायला शिका.

आणि घराला नाव द्यायचंच असेल, तर आधी पोर्च पाहून या!